टोकियोच्या गल्लीत मिरकरवाड्याची राणी

मिरकरवाड्याच्या जेटीवर असरनंतर ट्रॉलर लागू लागले की जी गडबड उडते ती रत्नागिरीकर वाचकांना आम्ही नव्याने सांगायला नको. पापलेट, सुरमई, कोळंबी यांच्याभोवती दलालांचा गराडा पडतो, बोली चढते, बर्फाच्या गाड्या मागे-पुढे होतात. त्याच जेटीवर एका कडेला गुलाबीसर अंगाचा, बाजूंवर पिवळ्या रेघा असलेला, वीतभर लांबीचा मासा क्रेटच्या क्रेट भरून पडलेला असतो. त्याच्याभोवती गराडा नसतो. हा राणी मासा. नाव राणीचे, पण आपल्या दस्तरखानावर तिला राणीचा मान कधी मिळाला नाही. पाहुणा आला तर आपण सुरमई शोधतो, राणी घरच्या माणसांसाठी.

"ही एवढी राणी जाते कुठं?" असे आम्ही एका तांडेलाला विचारले होते. त्याने मान न वळवता उत्तर दिले, "कारखान्यात. तिथून जपानात. पुढचं आपल्याला काय ठाऊक?"

पुढचे काय, ते पाहण्याचा योग गेल्या हिवाळ्यात आला. आम्ही तिघे होतो. एक सुक्या मासळीचे व्यापारी, ज्यांना आम्ही भाई म्हणतो. दुसरे आंब्याच्या लाकडी पेट्या करण्यात आयुष्य घालवलेले एक वयस्क कारागीर, त्यांना सगळी आळीच चाचा म्हणते. तिसरा हा मजकूर लिहिणारा. निमित्त हापूसचे होते. फळमाशीच्या भीतीने जपानने आपला आंबा १९८६ पासून वीस वर्षे बंद ठेवला होता आणि २००६ साली, बाफेची प्रक्रिया करून पाठवण्याच्या अटीवर, दरवाजा पुन्हा उघडला. त्या धंद्याची काही बोलणी होती. ती बोलणी दोन दिवसांत आटोपली आणि त्यातून फारसे निघाले नाही, म्हणून ती इथे सांगत बसत नाही. तिसऱ्या संध्याकाळी जे पाहिले ते आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या जास्त उपयोगाचे आहे.

आधी राणीबद्दल दोन शब्द. शास्त्राच्या पुस्तकात या माशाचे नाव नेमिप्टेरस जपोनिकस, म्हणजे नावातच जपान आहे. जपानी बाजारात या जातीच्या माशांना इतोयोरी म्हणतात. आपल्या जेटीवरून राणी कारखान्यात गेली की तिचे डोके आणि पोट काढतात, यंत्रातून काटे-कातडी वेगळी करतात आणि उरलेले मांस थंडगार पाण्यात दोन-तीनदा धुतात. वास, रक्त, चरबी निघून जाते आणि पांढरा शुभ्र लगदा राहतो. तो दाबून पाणी काढायचे, त्यात थोडी साखर आणि फॉस्फेट मिसळायचे आणि दहा-दहा किलोच्या लाद्या करून गोठवायच्या. याला सुरिमी म्हणतात. साखर चवीसाठी नसते, गोठवल्यावर मांसाची लवचिकता जाऊ नये म्हणून असते. ही युक्ती १९६० च्या सुमारास जपानच्या होक्काइदो बेटावरच्या संशोधकांनी शोधली आणि तिच्यामुळेच मासळीचा लगदा जहाजातून सातासमुद्रापार नेता येऊ लागला. शंभर किलो मासळीतून असा लगदा निघतो वीस-पंचवीस किलोच्या आसपास. रत्नागिरीच्या गद्रे मरीन कंपनीने १९९० च्या दशकात हे काम इथे सुरू केले आणि आज सुरिमीच्या जगात रत्नागिरीचे नाव माहीत नाही असा व्यापारी विरळा. आपल्याच गावात मात्र हे नाव जेटी आणि एमआयडीसी यांच्या बाहेर फारसे कोणी घेत नाही.

आता टोकियो. शिंजुकू हे तिथले स्टेशन म्हणजे आपले दादर आणि छत्रपती शिवाजी टर्मिनस एकत्र करून त्याला पाचाने गुणावे असे प्रकरण. त्याच्या पश्चिम दाराबाहेर, रेल्वेच्या रुळांना चिकटून, उंच इमारतींच्या पायथ्याशी एक गल्ली आहे. नाव ओमोइदे योकोचो. ओमोइदे म्हणजे आठवण, योकोचो म्हणजे मुख्य रस्त्याच्या कडेची आळी. आठवणींची आळी म्हणा. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने खांदा तिरका करावा एवढीच रुंदी. वर तारांचे जाळे, त्याखाली कागदी लाल कंदील, दारांवर अर्धे लोंबणारे कापडी पडदे आणि सगळ्या गल्लीत कोळशाचा धूर. साठ-सत्तर दुकाने या एवढ्याशा जागेत खेटून बसली आहेत.

आमच्याबरोबर मुंबईहून तिकडे शिकायला गेलेला एक तरुण होता. तो पुढे, आम्ही मागे. संध्याकाळचे सहा वाजले होते. ऑफिसे सुटली होती आणि कोट-टाय घातलेली माणसे पडदा बाजूला सारून वाकून आत शिरत होती. चाचांनी पहिल्याच दुकानापाशी पाय रोवले. आत पाहून ते काहीतरी पुटपुटत बोटांनी वीत मोजू लागले.

"नऊ फूट लांब, सात फूट रुंद. त्यात आठ माणसं जेवतात आणि नववा रांधतो."

खरेच तसे होते. एक लाकडी फळी आडवी, तिच्या बाहेरच्या बाजूला आठ स्टुले, आतल्या बाजूला मालक. मालकाच्या समोर लांबट अरुंद शेगडी, उजव्या हाताला पाण्याचा नळ, डाव्या हाताला बर्फाची पेटी, डोक्यावर बशांची मांडणी. अर्धा तास आम्ही बघत होतो, त्या माणसाने दोन पावलांहून जास्त चाल केली नाही. जे हवे ते हाताच्या अंतरावर. गिऱ्हाईकाची पिशवी ठेवायला स्टुलाच्या आतच पोकळी. दरवाजा सरकता, म्हणजे उघडताना जागा खात नाही. चाचा म्हणाले, "आपल्याकडं माणूस हॉटेल काढतो तेव्हा आधी पन्नास खुर्च्या आणतो आणि मग गिऱ्हाईक शोधतो. यांनी आधी हात किती लांब पोचतो ते मोजलंय." सुतारकाम करणाऱ्या माणसाची नजर ती. आम्हाला एवढे सुचले नसते.

दुसरी गोष्ट भाईंच्या लक्षात आली. प्रत्येक दुकान एकाच गोष्टीचे. एक नुसते कोंबडीच्या तुकड्यांच्या सळ्या भाजतो. एक शेवयांच्या वाट्या देतो. एक दुकान १९४० च्या दशकापासून गोड्या पाण्यातली वाम एवढीच भाजते आणि तिचे डोके, कल्ले, काळीज काही फुकट घालवत नाही. 'सर्व प्रकारचे जेवण मिळेल' ही पाटी कुठेच नाही. शेजारच्याचा माल दुसरा, म्हणून शेजाऱ्याशी भांडण नाही. उलट एका दुकानातून उठलेले गिऱ्हाईक चार पावलांवरच्या दुसऱ्यात शिरते. आपल्याकडे एका नाक्यावर एकाने वडापावची गाडी लावली की महिन्याभरात शेजारी तीन वडापाव उभे राहतात आणि चौघेही कपाळाला हात लावतात.

आणखी एक चाल सांगण्यासारखी आहे. गिऱ्हाईक बसले की न मागता एक चिमुकली वाटी पुढे येते, कधी लोणच्याची, कधी उकडलेल्या भाजीची. तिला ओतोशी म्हणतात आणि तिचे तीनशे ते पाचशे येन बिलात लागतात. शंभर येन म्हणजे त्या वेळच्या भावाने आपले ५५-६० रुपये. हे बसण्याचे भाडेच समजा, फक्त भाडे म्हणून न मागता खाऊ घालून घेतलेले. परदेशी पाहुणे यावरून कधी हुज्जत घालतात, गावकरी घालत नाही.

आम्ही जेवलो का? नाही. हे स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण आमच्या वाचकांचा पहिला प्रश्न तोच असणार. या गल्ल्या मुळात दारू पिण्याच्या जागा आहेत, खाणे दारूच्या जोडीला येते. अनेक शेगड्यांवर डुकराची आतडी-काळीज भाजले जाते. कोंबडी असली तरी ती हलाल नसते आणि तिला जो तपकिरी रस लावतात त्यात मिरीन नावाची गोड तांदळाची दारू असते. आमच्या तरुण वाटाड्याने एका मालकाला "दारू नको, डुक्कर नको, हा रस नको, मग काय देता?" असे विचारले. मालकाने हसून दोन्ही हातांची फुली केली, म्हणजे जमणार नाही. रागावला नाही, वाकून माफी मागितली. त्याचाही प्रामाणिकपणा म्हणायचा. खोटे सांगून चार पैसे मिळवता आले असते.

पण एका दुकानाच्या दारात आम्ही बराच वेळ थांबलो. तिथे मोठ्या चौकोनी पातेल्यात, कप्पे पाडलेल्या, वाफाळलेल्या पाण्यात मुळ्याचे गोल काप, अंडी, आणि पांढऱ्या-तपकिरी वड्या डुंबत होत्या. याला ओदेन म्हणतात, थंडीतले गोरगरिबांचे खाणे. त्यातल्या पोकळ नळीसारख्या वड्या, चौकोनी मऊ वड्या, तळलेल्या चपट्या वड्या, सगळ्या मासळीच्या लगद्याच्या. सुरिमीच्या. आमचा वाटाड्या सांगत होता की यातला बराच लगदा अलास्काच्या पोलॉक माशाचा असतो, पण इतोयोरीचाही असतो आणि तो थायलंडहून, हिंदुस्थानातून येतो. भाई एकदम म्हणाले, "म्हणजे ही आपली राणी!" त्यांनी ते इतक्या मोठ्याने म्हटले की आत बसलेल्या दोघांनी वळून पाहिले.

ती वडी मिरकरवाड्याच्या राणीची होती की नव्हती, हे त्या दुकानात सांगू शकणारा कोणीच नव्हता. लाद्यांच्या खोक्यावर गाव असते, वडीवर नसते. जेटीवर क्रेटच्या भावाने विकलेला मासा इथे तुकड्याच्या भावाने विकला जातो, आणि मधल्या वाटेत त्याचे नाव, गाव, जात सगळे धुऊन जाते, तसे मांस धुतात तसेच. आम्ही कारखानदाराला दोष देत नाही, त्याने यंत्रे आणली, गिऱ्हाईक शोधले, हजारोंना रोजी दिली. पण आपण पकडणारे आणि विकणारे पिढ्यान्‌पिढ्या पहिल्याच पायरीवर का उभे, हा प्रश्न त्या वाफाळत्या पातेल्यासमोर आम्हा तिघांनाही टोचला.

या गल्लीची जन्मकथा ऐकून ठेवण्यासारखी आहे. १९४५ साली जपान युद्ध हरला तेव्हा हे सगळे शिंजुकू जळून राख झाले होते. १९४६ साली स्टेशनजवळच्या मोकळ्या जागेत फळकुटे टाकून काही लोकांनी विक्री सुरू केली. साबण, कपडे, उकडलेली रताळी, जे मिळेल ते. सरळ भाषेत तो काळाबाजार होता. तांदूळ, पीठ यांवर सरकारी नियंत्रण होते, त्यामुळे उपाहारगृह चालवणे कठीण. तेव्हा या लोकांनी पाहिले की जनावरांची आतडी, काळीज यांवर नियंत्रण नाही आणि अमेरिकन फौजेच्या गोटातून ती स्वस्तात मिळतात. त्यांनी तीच भाजून विकायला सुरुवात केली. इतरांनी फेकलेल्या मालातून गल्ली उभी राहिली. आडोसा नव्हता, शौचकूप नव्हते, त्यामुळे लोक तिला मुताऱ्यांची गल्ली म्हणून हिणवत. आज 'आठवणींची आळी' म्हणतात आणि सगळ्या दुकानांना मिळून एक शौचकूप आहे.

१९९९ च्या नोव्हेंबरात इथे मोठी आग लागली आणि वीस-पंचवीसहून जास्त दुकाने खाक झाली. जागा सोन्याच्या मोलाची. शेजारी गगनचुंबी इमारती. आपल्याला वाटेल, संपली गल्ली. पण दुकानदारांची आपली संघटना होती, तिने धरून ठेवले आणि जळलेला भाग पुन्हा तशाच छोट्या खणांचा बांधला गेला. धोका टळला असे नाही. स्टेशनभोवतीची पुनर्बांधणी वेगाने चालू आहे आणि टोकियोतल्या अशा कितीतरी आळ्या इमारतींनी गिळल्या आहेत.

पोटात कावळे ओरडू लागले होते. वाटाड्या म्हणाला, "चला, एक स्टेशन पुढे." यामानोते ही गोल फिरणारी लोकल, आपल्या हार्बरसारखी पण वेळेवर धावणारी. शिंजुकूनंतरचे पहिलेच स्टेशन शिन-ओकुबो. उतरून एका बोळात वळलो आणि चाचा जागीच थांबले. समोर देवनागरीत, उर्दूत, बंगालीत पाट्या! तूरडाळ, मोहरीचे तेल, हलाल गोश्त, फोनची कार्डे. या बोळाला जपानी लोक स्वतःच इस्लाम योकोचो म्हणतात. पाकिस्तानी, बांगलादेशी, हिंदी, नेपाळी दुकानदारांनी एकेका खणाने ही आळी भरत नेली. एका इमारतीत वरच्या मजल्यावर नमाजची जागा आहे. आम्ही मग़रीबची कजा तिथे अदा केली, खाली येऊन बिर्याणी खाल्ली आणि चहा प्यालो. बिर्याणी बरी होती, रत्नागिरीच्या लग्नातली नव्हे.

व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर या आळीत मसाल्याचे दुकान हेच मुख्य, खाणावळ त्याला जोडून. गिऱ्हाईक जेवायला येतो आणि जाताना पाच किलो तांदूळ घेऊन जातो. काउंटरवर जपानी मुलीही उभ्या होत्या, घरी आमटी करायला जिरे-हळद घेत होत्या. हिंदी व्यापाऱ्यांचे जपानात जाणे काही आजचे नाही. कोबे बंदरातली मशीद १९३५ साली उघडली तिला तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांनी पैसा दिला होता, आणि ती १९४५ च्या बाँबफेकीत आणि १९९५ च्या भूकंपातही उभी राहिली. त्या मानाने शिन-ओकुबोची आळी कालपरवाची.

भाई मात्र त्या दुकानात एका जागी खिळले होते. एका फडताळात जपानी सुकी मासळी होती. बोटभर लांबीच्या सुक्या तारल्या, पारदर्शक पिशवीत, चांदीसारख्या चमकणाऱ्या. यांना निबोशी म्हणतात आणि रस्सा करायला वापरतात. भाईंनी किंमत रुपयांत करून घेतली आणि पिशवी डोळ्यांपाशी धरून पाहत राहिले. "वाळूचा एक कण नाही," एवढेच म्हणाले. ज्यांना धंदा ठाऊक आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको. आपल्याकडे किनाऱ्यावर थेट वाळूत मासळी पसरायची चाल अजून गेली नाही. बांबूच्या मांडवावर, जाळीवर वाळवलेल्या मालाला भाव जास्त मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण मांडव घालायला जागा आणि पैसा आधी लागतो, भाव नंतर मिळतो. भाईंनी त्या दोन पिशव्या विकत घेतल्या. खायला नव्हे, जेटीवर दाखवायला.

रत्नागिरीला परतल्यावर एका संध्याकाळी आम्ही मुद्दाम मांडवीला गेलो. काळ्या वाळूचा किनारा, जेटीचा कट्टा, फिरायला आलेली कुटुंबे, भेळेच्या आणि भाजक्या कणसांच्या गाड्या. माणूस भरपूर, खिशात पैसाही आहे. पण इतका समुद्र जवळ असून उभ्या उभ्या खाता येईल असा मासळीचा पदार्थ त्या संध्याकाळी आम्हाला तिथे दिसला नाही. पर्यटक गणपतीपुळ्याहून येतो, थाळी मागतो, दीड तास बसतो आणि निघून जातो. राणीच्या मांसाची वडी, तांदळाच्या भाकरीच्या तुकड्यावर तळलेली कोळंबी, सांदणाची फोड आणि वर नारळाचे दूध, हे आपल्या घराघरांतल्या बायका डोळे मिटून करतात. बाजारात ते येत नाही. मुंबईत मिनारा मशिदीच्या गल्लीत रमजानच्या रात्री पाय ठेवायला जागा नसते, तिथे खाणाऱ्यांत आपल्या कोकणातली माणसे हजारोंनी असतात. खाऊ घालणाऱ्यांत किती?

कुवेतहून परतलेला राजिवड्याचा एक तरुण सध्या याच विचारात आहे. बारा वर्षे तिथल्या हॉटेलच्या भटारखान्यात काढली, हाताला चव आहे, गाठीला थोडी शिल्लक आहे. घरच्यांचे म्हणणे, आधी वरचा मजला बांध. मित्रांचे म्हणणे, टेम्पो घे. तो आमच्याकडे आला तो टोकियोची हकीकत ऐकायला. आम्ही त्याच्यासमोर कागदावर हिशेब मांडला. समजा आठ स्टुले, संध्याकाळी साडेसहा ते साडेदहा. एक माणूस पाऊण तास बसला तर पाच फेऱ्या होतात, पण सगळी स्टुले सदा भरलेली कधीच नसतात, म्हणून तीन धरू. चोवीस गिऱ्हाइके. प्रत्येकाचे दीडशे रुपये धरले तर ३६०० होतात. त्यातून मासळी, तेल, कोळसा, बर्फ, जागेचे भाडे, एका मदतनीसाची मजुरी. पावसाचे चार महिने वेगळे धरायचे, त्यात जून-जुलै मासेमारी बंद. हिशेब पोटापुरता बसतो, बंगल्यापुरता बसत नाही. त्याने कागद दुमडून खिशात घातला आणि म्हणाला, "चाचा, बंगला नको, पुन्हा विमानात बसायला नको म्हणून विचारतोय."

अडचण मांडणीची नाही, जागेची आहे. शिंजुकूच्या गल्लीला संघटना होती म्हणून आगीनंतर जागा राहिली. आपल्याकडे फळकूट टाकणाऱ्याच्या हातात कागद नसतो. जानेवारी २०२५ मध्ये मिरकरवाडा बंदराच्या आवारातली शेकडो बांधकामे शासनाने हटवली. अतिक्रमण ते अतिक्रमण, कायद्यापुढे वाद नाही. पण त्यांत जाळी, बर्फाच्या पेट्या ठेवणारे छोटे लोकही होते आणि दुसऱ्या दिवशी सामान कुठे ठेवायचे हा प्रश्न त्यांनाच पडला.

रस्त्यावर बसून विकणाऱ्यांसाठी २०१४ साली पथविक्रेता कायदा झाला आहे, हे आमच्या वाचकांपैकी किती जणांना माहीत आहे? त्या कायद्याप्रमाणे प्रत्येक नगरपरिषदेत नगर पथविक्रेता समिती असावी लागते. तिच्यात किमान ४० टक्के सभासद खुद्द विक्रेत्यांनी निवडलेले आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. विक्रेत्यांची पाहणी होऊन त्यांना प्रमाणपत्र मिळायचे आणि विक्रीसाठी जागा ठरवायच्या. पाहणी होईपर्यंत कोणाला उठवू नये असेही त्यात लिहिले आहे. पण नाव नोंदवायला गेले पाहिजे. आपला माणूस पाहणी करणारा आला की 'कर लावायला आला' म्हणून गाडी आत ओढतो, आणि मग यादीत नाव नाही म्हणून ओरडतो. केंद्राची पीएम स्वनिधी ही कर्जाची योजना २०२० पासून आहे, सुरुवातीला पहिले कर्ज दहा हजारांचे होते, २०२५ च्या बदलानंतर पंधरा हजारांचे, पुढची दोन पंचवीस आणि पन्नास हजारांची. व्याजाचा प्रश्न ज्याचा त्याने आपल्या समजुतीप्रमाणे पाहावा. कर्ज न घेणाऱ्यालाही विक्रेता म्हणून प्रमाणपत्र हवेच, जागेचा हक्क त्यावर उभा आहे. खाद्यपदार्थ विकणाऱ्याने अन्नसुरक्षा खात्याकडे नोंदणी करावी हे वेगळे सांगत नाही. जपानात त्या नऊ फुटी दुकानाच्या मालकालाही एक दिवसाचा स्वच्छतेचा वर्ग करून आपले नाव आत लावावे लागते.

आम्ही टोकियोची आळी उचलून मांडवीवर ठेवा असे म्हणत नाही. तिथला धंदा दारूवर चालतो, दारूत नफा मोठा असतो, तो आपल्याला नाही आणि नकोही. मग तो नफा कुठून भरून काढायचा? चाचांचे म्हणणे, जागा कमी आणि माल एक, यातून. भाईंचे म्हणणे, शिन-ओकुबोसारखे शेजारी विकायला काहीतरी ठेवावे, म्हणजे नीट वाळवलेली, पाकिटात भरलेली सुकी मासळी, कोकम, घरचा मसाला. जेवणारा बसलाच आहे, जाताना पिशवी नेईल. आम्हाला भाईंचे जास्त पटते, पण त्यात त्यांचा स्वतःचा माल खपतो हेही खरे, आणि आम्ही ते त्यांना तोंडावर सांगितले आहे.

दरम्यान चाचांनी काम सुरू केले. आंब्याचा मोसम यायला अवकाश होता, पेट्यांची फळकुटे पडून होती. त्यांनी आठ स्टुले केली, आत पिशवी ठेवायची पोकळी असलेली, आणि नऊ फुटांची एक फळी रंधा मारून ठेवली. ती त्यांच्या वखारीत भिंतीला टेकून उभी आहे. कुवेतवाला तरुण दर दोन-तीन दिवसांनी येतो आणि फळीवरून हात फिरवून जातो. बाजारात मोक्याच्या ठिकाणी एक गाळा त्याने पाहिला आहे, मालक अनामत जास्त मागतो आहे, बोलणे चालू आहे. गेल्या जुम्म्याला तो मोजपट्टी घेऊन गेला होता. गाळा साडेआठ फुटांचा निघाला.

चाचा म्हणाले, "फळी कापता येते. तू अनामत कमी करून घे."